चाकणचा पीसी, पिंपळे गुरवचा सोफा

ऑफिसचं लिनक्स मशीन घरून चालवायला काय लागतं? थोडं सेटिंग, बराचसा पेशन्स आणि एक वॉचमन मामा!

नाशिक फाटा, भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा... हा माझा रोजचा रूट. कंपनीची बस एसी आहे, हे खरं. पण संध्याकाळी चाकणच्या तळेगाव चौकात ती अडकून पडली, की एसीचं काय कौतुक? तरी सवय झाली होती. मग बाबांची बायपास झाली.

घरी आई एकटी. बाबांना उठवायला-बसवायला दुसरं माणूस हवंच. बॉसकडे पंधरा दिवस मागितले. तो म्हणाला, ‘‘घरून कर. पण पुढच्या शुक्रवारी कस्टमरला रिपोर्ट गेलाच पाहिजे.’’ गोची अशी, की माझं काम लॅपटॉपवर मावत नाही. धडक बसल्यावर गाडीचा एखादा पार्ट किती वाकेल, याचं गणित मी कॉम्प्युटरवर मांडते. एकेक गणित नऊ-नऊ तास चालतं, तेही माझ्या टेबलाखालच्या दणकट लिनक्स मशीनवर. बाबा पिंपळे गुरवला, मशीन चाकणला. आता एकच मार्ग होता, रिमोट डेस्कटॉप!

कॉफीपासून सुरुवात

रिमोट डेस्कटॉपचा फंडा सोपा आहे. सगळं काम तिकडच्या मशीनवर होतं. तुमच्याकडे येतं ते फक्त स्क्रीनचं चित्र आणि तुमच्याकडून जातात माउसच्या हालचाली आणि की-बोर्डची बटणं. १९९१ मध्ये केंब्रिजच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या मंडळींनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला होता. कशासाठी? तर कॉफी संपली असेल तर उगाच उठून जायला नको! त्यांच्यातलेच एक, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर, पुढे केंब्रिजमध्येच ‘व्हीएनसी’ बनवणाऱ्या टीममध्ये होते. १९९८ मध्ये ते सगळ्यांसाठी मोफत खुलं झालं आणि दुसऱ्याचा डेस्कटॉप आपल्या स्क्रीनवर आणणं सोपं झालं.

लिनक्सला तर हे नवीन नाहीच. त्याची जुनी ‘एक्स विंडो’ पद्धत १९८४ मध्ये एमआयटीत जन्मली, तीच मुळी ‘प्रोग्रॅम एका मशीनवर, खिडकी दुसऱ्यावर’ हा विचार घेऊन. आणि आपल्या पुण्याचा ‘एका’ आठवतोय? २००७ मध्ये जगातल्या सुपरकॉम्प्युटरच्या यादीत चौथा आला होता. तोही लिनक्सवरच चालायचा. अशा मशीनच्या पुढ्यात खुर्ची टाकून कोणी बसत नाही, लांबूनच काम देतात.

पहिला फोन आयटीला

सेटिंगच्या आधी एक गोष्ट. ऑफिसच्या मशीनवर गुपचूप काहीही टाकू नका. मी आधी आयटीला फोन लावला. त्यांनी व्हीपीएन दिला, म्हणजे घर ते ऑफिस असा खासगी बोगदा. रिमोट डेस्कटॉपचा नेहमीचा दरवाजा म्हणजे पोर्ट नंबर ३३८९. तो थेट इंटरनेटवर उघडा टाकला, तर जगभरचे बॉट पासवर्ड लावून बघायला हजर! व्हीपीएन नसेल तर एसएसएचचा बोगदा करता येतो, पण उघडं पोर्ट नको म्हणजे नको.

मग मशीनवर ‘एक्सआरडीपी’ टाकलं. हे लिनक्सवर बसून विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपची भाषा बोलतं, त्यामुळे माझ्या घरच्या विंडोज लॅपटॉपवर वेगळं काही टाकावं लागलं नाही. ऑफिसात ट्राय केलं, मस्त चाललं. खूश होऊन घरी आले.

काळा पडदा!

सोमवारी सकाळी बाबांना चहा देऊन मी सोफ्यावर लॅपटॉप उघडला. युजरनेम, पासवर्ड... आणि काळाकुट्ट स्क्रीन. तासभर डोकं आपटलं, तीनदा सगळं काढून परत टाकलं. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला फोन केला, तर ती म्हणाली, ‘‘अगं, तुझं मशीन इथे लॉगइनच आहे की!’’

तिथेच तर घोळ होता. शुक्रवारी मी स्क्रीन लॉक करून निघाले होते, लॉगआउट नाही. एकच युजर मशीनपुढेही आणि रिमोटनेही लॉगइन झाला, की लिनक्सचा डेस्कटॉप पुष्कळदा गोंधळतो आणि काळा पडदा दाखवतो. मैत्रिणीने लॉगआउट केलं आणि पुढच्या मिनिटाला माझा डेस्कटॉप सोफ्यावर!

पुढचे दोन दिवस छोटी दुखणी चालली. मॉडेल फिरवलं की चित्र अडखळायचं. रंगांची क्वालिटी १६ बिटवर आणली, वॉलपेपर काढला, एक्सएफसीई नावाचा हलका डेस्कटॉप घेतला. बरंच सुधारलं. गणित मात्र ‘टीमक्स’मध्ये सुरू करायला शिकले. त्यामुळे घरचं नेट गेलं तरी तिकडचं काम थांबत नाही.

आणि आला गुरुवार

गुरुवार म्हणजे आमच्या कंपनीची सुट्टी. लाइनच्या दुरुस्तीची कामंही बहुतेक त्याच दिवशी निघतात. संध्याकाळी सात वाजता बघते तर कनेक्शन डेड. गणित अर्ध्यात आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. पोटात गोळाच आला.

पण सोमवारने एक धडा दिला होता. आधी सॉफ्टवेअर उपसायचं नाही, साखळीतली कुठली कडी तुटली ते बघायचं. व्हीपीएन लागला. ऑफिसचा सर्व्हर पिंगला उत्तर देत होता. माझं मशीन गप्प. म्हणजे नेट ठीक, ऑफिस ठीक, मशीनच बंद! वीज गेली, यूपीएस दमला आणि वीज परत आल्यावर बटण दाबायला कोणी नव्हतं.

बॉसची परवानगी घेतली आणि सिक्युरिटी केबिनला फोन लावला. रात्रपाळीचे मामा मोबाईलचा टॉर्च घेऊन आत गेले.

‘‘ताई, कुठलं मशीन? हितं सगळी सारखीच दिसत्यात.’’

‘‘मामा, टेबलाखाली बघा. गणपतीचं स्टिकर आहे.’’

‘‘घावला गणपती! आता?’’

‘‘पुढचं गोल बटण, एकदाच दाबा.’’

‘‘लागला बघा दिवा!’’

दोन मिनिटांत पिंगचं उत्तर आलं. मशीन सुरू होताना एक्सआरडीपी आपोआप उठतं, त्यामुळे लगेच आत शिरता आलं. गणिताची अवस्था मध्ये मध्ये साठत होती, तिथून पुढे चालू केलं. बाबा पलंगावरून बघत होते. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी आयुष्यभर लेथ चालवली. म्हणाले, ‘‘हे खरंच चाकणला चाललंय? आमच्या वेळी मशीन सोडून दोन पावलं हललं तरी फोरमन ओरडायचा.’’ रात्री दोनला त्यांना औषध द्यायला उठले, तेव्हा आकडे पुढे सरकत होते. शुक्रवारी दुपारी रिपोर्ट गेला.

कनेक्ट होत नाही? या क्रमाने बघा

१. मशीन जागं आहे का? पिंग करा. पॉवर सेटिंगमधलं ऑटोमॅटिक सस्पेंड आधीच बंद करून ठेवा.

२. सर्व्हिस चालू आहे का? एसएसएचने आत जाऊन एक्सआरडीपीचं स्टेटस बघा. म्हणून एसएसएच आधीपासून चालू हवंच, तो मागचा दरवाजा आहे.

३. पोर्ट कोणी अडवलंय का? उबुंटूचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉपही ३३८९ च मागतं. दोघांपैकी एकच ठेवा. फायरवॉलही तपासा.

४. काळा स्क्रीन? तिकडे तुम्ही लॉगइन तर नाही ना? नसाल तर एक्सआरडीपीच्या लॉग फाइलच्या शेवटच्या ओळी वाचा.

५. उबुंटूचं स्वतःचं वापरताय? त्यातलं ‘डेस्कटॉप शेअरिंग’ तिकडे कोणी लॉगइन असेल तरच चालतं. मशीन रीस्टार्ट झालं की अडकलात. उबुंटू २४.०४ पासून ‘रिमोट लॉगइन’ वेगळं मिळतं, ते घ्या.

६. वीज जाते? बायोसमध्ये ‘वीज परत आली की चालू हो’ हे सेटिंग असतं. दोन मिनिटांचं काम आहे.

बाबा आता सकाळी स्वतःच्या पायांनी खाली चक्कर मारून येतात आणि मी पुन्हा बसमध्ये. बायोसचं सेटिंग मी ऑफिसला परतल्यावर पहिल्याच दिवशी केलं. मामांना तसं सांगितलंही. तरी दर बुधवारी गेटवर ते हटकून विचारतात, ‘‘ताई, उद्या गणपती चालू करायचाय का?’’