स्विंग... आपल्या मापाचा!

गुडघा वाकत नाही, हात सरळ होत नाही, डोळ्यांना दिसत नाही. मग काय, खेळायचंच नाही? गोल्फने या प्रश्नाचं उत्तर शोधलंय. आणि ते आपल्या कॉलेजच्या ग्राउंडवरही चालण्यासारखं आहे.

पनवेलमध्ये राहून गोल्फ कोर्सच्या आत कधीही पाऊल न टाकलेली मंडळी पुष्कळ सापडतील. खरं तर आपल्या पनवेल महापालिकेच्याच हद्दीत, खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी सिडकोने मोठा गोल्फ कोर्स केलाय. पावसाळ्यात पांडवकड्याच्या बाजूला भटकणाऱ्यांना तो हिरवा पट्टा कुंपणाबाहेरून माहीत असतो. कॉलरवाला टीशर्ट, हातात ग्लोव्ह, बॅटरीवरची गाडी... ‘आपला खेळ नाही रे हा’ म्हणून आपण पुढे निघतो.

पण याच खेळात एक शब्द आहे, हँडिकॅप. आपल्याकडे हा शब्द एकेकाळी सर्रास अपंगत्वासाठी वापरला जायचा. गोल्फमध्ये मात्र तो प्रत्येकाच्या नावापुढे लागतो! हँडिकॅप म्हणजे तुम्हाला किती फटक्यांची सूट मिळणार याचा आकडा. समजा, तुमचा हँडिकॅप 24 आणि मैत्रिणीचा 6. मग तिच्याशी खेळताना ढोबळमानाने फरकाचे 18 फटके तुम्हाला सूट. नवख्याला हा आकडा 54 पर्यंत मिळू शकतो. म्हणजे सगळे सारखे नसतात, हे या खेळाने आधीच धरलेलं आहे. त्यामुळे ‘शरीर वेगळं असेल तर काय?’ या प्रश्नाला गोल्फने दिलेलं उत्तरही बघण्यासारखं आहे.

पुस्तक म्हणतं, हात सरळ!

गोल्फचं कुठलंही पुस्तक उघडा किंवा यूट्यूबवर व्हिडिओ लावा. उजव्या हाताने खेळणाऱ्याला पहिल्या काही धड्यांतच सांगितलं जातं की क्लब मागे नेताना डावा हात सरळ ठेवा. डोकं स्थिर, खांदे पूर्ण फिरलेले, मग वजन पुढच्या पायावर.

आता कॅल्व्हिन पीटची गोष्ट ऐका. अमेरिकेतला हा कृष्णवर्णीय मुलगा लहानपणी झाडावरून पडला आणि त्याचं डावं कोपर मोडलं. ते हाड असं जुळलं की हात पुन्हा कधीच पूर्ण सरळ झाला नाही. शेतमजुरांच्या वस्त्यांवर फिरून माल विकणाऱ्या या माणसाने गोल्फ क्लब हातात धरला तो वयाच्या विशीनंतर. पुस्तकाप्रमाणे त्याचा स्विंग चुकीचाच होता. पण 1981 ते 1990 अशी सलग दहा वर्षं पीजीए टूरवर सर्वांत अचूक ड्राइव्ह मारणारा खेळाडू कोण होता? हाच पीट! त्याने टूरवर 12 स्पर्धा जिंकल्या.

तो एकटाच नाही. एड फर्गोल नावाच्या खेळाडूचा डावा हात लहानपणीच्या अपघातामुळे कोपरात वाकलेला आणि बारीक राहिला होता. 1954 ची यूएस ओपन त्याने जिंकली.

आपल्याला हे अगदीच नवीन वाटायला नको. भागवत चंद्रशेखर आठवा (नाही तर घरी आजोबांना विचारा). पोलिओने बारीक झालेल्या त्याच उजव्या हाताने तो लेगस्पिन टाकायचा. 1971 मध्ये अजित वाडेकरांच्या टीमने इंग्लंडमध्ये मालिका जिंकली, तेव्हा ओव्हलवर त्याने 38 धावांत 6 बळी घेतले होते. 58 कसोटींमध्ये 242 विकेट्स. त्याची ॲक्शन कुठल्या कोचिंग मॅन्युअलमधून आली होती?

चेंडूला काय कळतं?

यामागचं विज्ञान सोपं आहे. गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त 45.93 ग्रॅमचा असतो. क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात ते साधारण सेकंदाचा दोन हजारावा भाग. बस, तेवढाच वेळ. तेवढ्यात क्लबचं तोंड कुठे वळलंय, क्लब कुठल्या मार्गाने आणि किती वेगात आलाय आणि चेंडू क्लबच्या मधोमध लागलाय का, एवढ्यावर सगळं ठरतं. चेंडू निघण्याची दिशा मुख्यतः तोंडावरून ठरते. तोंड आणि मार्ग यांत फरक पडला की चेंडू हवेत वळतो.

क्लबमागे एक हात होता की दोन, माणूस उभा होता की बसलेला, याची चेंडूला काही खबर नसते. ‘परफेक्ट स्विंग’ म्हणजे त्या एका क्षणापर्यंत पोचायचा एक रस्ता. रस्ते आणखीही आहेत.

शिवाय गोल्फमध्ये सगळं ताकदीवर चालत नाही. 18 होल्सच्या कोर्सचा पार 72 असेल, तर त्यातले 36 फटके पटिंगचे धरलेले असतात. म्हणजे निम्मा हिशोब हिरवळीवर चेंडू हळूच ढकलण्याचा! तिथे दंडात किती जोर आहे हे कोणी विचारत नाही.

शरीराप्रमाणे काय बदलतं?

पॅन्ट लांब झाली तर आपण पाय कापत नाही, पॅन्ट अल्टर करतो. स्विंगचंही तसंच. (खालचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी. डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.)

कंबर आणि मणका : आधुनिक स्विंगमध्ये कंबर बरीचशी रोखून खांदे भरपूर फिरवतात. त्या पिळाचा ताण कमरेवर येतो. कंबरदुखी असलेल्यांसाठी उपाय जुन्या पद्धतीत सापडतो. क्लब मागे नेताना डावी टाच उचलू द्यायची, कंबरेला खांद्यांबरोबर फिरू द्यायचं आणि स्विंग पाऊण ठेवायचा. अंतर थोडं कमी होतं, पण दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता येतं. मणक्याचे सांधे जोडण्याचं ऑपरेशन झाल्यावरही खेळता येतं. टायगर वुड्सचं ते ऑपरेशन 2017 मध्ये झालं आणि 2019 मध्ये त्याने मास्टर्स जिंकली.

गुडघा : फटका मारल्यावर पुढच्या, म्हणजे डाव्या गुडघ्याला पीळ बसतो. म्हणून डावं पाऊल उभं राहतानाच चेंडू जायच्या दिशेला थोडं वळवून ठेवतात. नाही तर फटक्यानंतर पाऊल फिरू देतात, अगदी एक पाऊल पुढेही टाकतात.

बोटांचा संधिवात : जाड ग्रिप लावली की मूठ घट्ट आवळावी लागत नाही. बोटं एकमेकांत अडकवायच्या ऐवजी बॅट धरतो तशी दहा बोटांची पकड चालते. स्टीलच्या जागी ग्राफाइटची दांडी घेतली तर हाताला बसणारे झटके कमी होतात.

एकच हात : डाव्या हाताने मारणाऱ्याचा फटका टेनिसच्या बॅकहँडसारखा होतो, उजव्याने फोरहँडसारखा. दोन्ही चालतात. क्लब हलका लागतो आणि घाई करून चालत नाही.

कृत्रिम पाय : आपला पाय घोट्यापासून नितंबापर्यंत फिरतो, साधा कृत्रिम पाय तसा फिरत नाही. मग तो पीळ उरलेल्या पायावर आणि सॉकेटमधल्या कातडीवर येतो. यावर पाऊल बाहेर वळवून उभं राहायचं किंवा पायात फिरणारा जोड बसवून घ्यायचा. किम मूर जन्मतःच उजव्या पावलाशिवाय आली. 2022 मध्ये अमेरिकेत पाइनहर्स्टला पहिली यूएस ॲडाप्टिव्ह ओपन झाली, तेव्हा महिलांमध्ये तीच जिंकली.

व्हीलचेअर : बसून मारताना पायांचा जोर मिळत नाही, सगळं काम धड आणि हातांचं. चेंडू शरीरापासून थोडा लांब ठेवतात आणि क्लब झाडू मारल्यासारखा आडवा फिरतो. बसलेल्या खेळाडूला पट्ट्यांच्या आधाराने उभं करणाऱ्या खास खुर्च्याही निघाल्यात.

एक गोष्ट महत्त्वाची. ऑपरेशन किंवा दुखापत ताजी असेल तर आधी डॉक्टर आणि फिजिओ, मग क्लब. व्हिडिओ बघून स्वतःवर प्रयोग नकोत.

कान आणि डोळे

दीक्षा डागर हे नाव माहीत नसेल तर सर्च करा. हरियाणाची ही डावखुरी खेळाडू जन्मापासून ऐकण्याच्या अडचणीसह वाढली. 2017 च्या डेफलिंपिकमध्ये तिने रौप्य मिळवलं आणि 2022 मध्ये ब्राझीलला झालेल्या डेफलिंपिकमध्ये सुवर्ण. मधल्या काळात ती टोकियो ऑलिंपिकही खेळून आली. फटका नीट बसला की नाही, हे बरेच गोल्फर ‘टक्’ आवाजावरून ओळखतात. डेफलिंपिकमध्ये श्रवणयंत्र काढून ठेवावं लागतं. तिथे भरवसा हाताला जाणवणाऱ्या स्पर्शावर.

आणि दृष्टिहीन खेळाडू? त्यांच्याबरोबर एक मदतनीस असतो. तो क्लब चेंडूमागे टेकवून देतो, उभं राहायची दिशा लावून देतो, अंतर सांगतो. मग तो बाजूला होतो. फटका खेळाडूचाच.

हे सगळं आता नियमांच्या पुस्तकात आहे. 2023 पासून गोल्फच्या नियमावलीत दिव्यांग खेळाडूंसाठी नियम 25 आला. आधी हे बदल वेगळे छापलेले असायचे आणि स्पर्धा घेणाऱ्यांनी ते स्वीकारले तरच लागू व्हायचे. आता ते सगळ्या स्पर्धांना लागू आहेत. उदाहरणार्थ, बंकरमधल्या वाळूला फटक्याआधी चेंडूजवळ क्लब लावला तर एरवी दंड होतो. दृष्टिहीन खेळाडूला होत नाही, कारण वाळू कुठे आहे हे त्याला क्लबनेच कळणार. क्लब अंगाला टेकवून मारायला बंदी आहे. पण हात नसल्यामुळे ज्याला दुसरा मार्गच नाही, त्याला ती मुभा आहे.

मग हे चीटिंग नाही का?

हा प्रश्न येतोच. तो कोर्टातही गेला होता.

केसी मार्टिन या अमेरिकन खेळाडूच्या उजव्या पायात रक्ताभिसरणाचा जन्मजात आजार होता. चालणं म्हणजे वेदना आणि हाड मोडायची भीती. त्याने स्पर्धेत गाडी वापरायची परवानगी मागितली. पीजीए टूर म्हणाली, नाही, चालून दमणं हा स्पर्धेचाच भाग आहे. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. 2001 मध्ये कोर्टाने 7 विरुद्ध 2 मतांनी मार्टिनच्या बाजूने निकाल दिला. थोडक्यात कोर्टाचं म्हणणं असं होतं, की गोल्फचा गाभा म्हणजे फटके मारून चेंडू होलमध्ये घालणं, चालणं हा गाभा नाही. शिवाय गाडी वापरूनही मार्टिनला इतरांपेक्षा जास्तच थकवा येत होता.

हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्यात एक साधी कसोटी आहे. खेळाचा गाभा कोणता आणि नुसती सवय कोणती? गाभ्याला हात लावायचा नाही. सवय बदलायला काय हरकत आहे?

आता आपल्या ग्राउंडवर या

गोल्फ महाग आहे, हे मान्य. उद्या सगळ्यांनी खारघरला जाऊन क्लब फिरवावा असं कोणी म्हणत नाहीये. पण आपल्या कॉलेजचा स्पोर्ट्स डे आठवा. वर्गात कॅलिपर लावणारा, व्हीलचेअरवरची किंवा एका हाताने लिहिणारी कोणीतरी असते. त्या दिवशी ती काय करते? स्कोअर लिहिते. पाण्याच्या बाटल्या सांभाळते. टाळ्या वाजवते. आपण ते प्रेमाने सांगतो, ‘तू बस, तुला त्रास नको.’ शाळेपासून कॉलेजपर्यंत इतकी वर्षं हेच ऐकलं की मग माणूस विचारायचंच सोडून देतो.

‘चंदू चॅम्पियन’ बघितला असेल. तो ज्यांच्यावर आहे ते मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले, सैन्यात बॉक्सर होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि बॉक्सिंग संपलं. ते पाण्यात उतरले. 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून त्यांनी पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण आणलं. त्यांनाही कोणी ‘तू बस’ म्हणून कायमचं थांबवलं असतं तर?

आणि हा दयेचा विषय नाही, हक्काचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगता धरली आहे. त्याचं कलम 30 खास खेळांविषयी आहे. क्रीडा कार्यक्रम आणि सुविधा दिव्यांगांना भाग घेता येईल अशा बदला, असं ते सांगतं.

बदल करायला फार खर्चही लागत नाही. काही तर आधीच खेळले जातात :

• बॅडमिंटन : व्हीलचेअर सिंगल्समध्ये अर्धंच कोर्ट वापरतात.

• टेबल टेनिस : व्हीलचेअरवरच्या खेळाडूला केलेली सर्व्हिस टेबलाच्या बाजूने बाहेर गेली तर ती पुन्हा करावी लागते, कारण तिथे त्याचा हात पोचणार नाही.

• क्रिकेट : दृष्टिहीनांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे असतात आणि गोलंदाजी अंडरआर्म होते. चेंडूचा आवाज ऐकून फटका.

• कॅरम : बोर्डाखाली व्हीलचेअरचे हँडल जातील एवढं उंच टेबल. बस, एवढंच.

पुढच्या स्पोर्ट्स डेचा फॉर्म निघेल तेव्हा जिमखान्यात जाऊन ‘इव्हेंट’ या रकान्याशेजारी आणखी एक रकाना मागा : ‘नियमात काय बदल हवा?’ प्रिंट काढायच्या आधी सांगितलं तर एका मिनिटाचं काम आहे. आणि स्कोअर लिहायला या वेळी दुसऱ्या कोणाला तरी बसवा.