नासपतीवरचा काळा मुलामा

एकोणिसाव्या शतकातली एखादी स्वस्तातली युरोपीय गिटार दुरुस्तीला आली आणि कारागिराने तिचा फ्रेटबोर्ड, म्हणजे दांडीवरची बोटं फिरतात ती पट्टी, खरवडला, की काळ्या थराखालून कधीकधी गुलाबीसर तपकिरी लाकूड डोकावतं. वरून आबनूस वाटलेलं ते लाकूड नासपतीचं असतं. आबनूस आफ्रिकेतून, भारतातून, सिलोनहून बोटीने यायचं आणि महाग पडायचं. नासपती गावोगाव होती. तिचा पोत इतका बारीक की रंग डाग न पाडता मुरतो. आधी टॅनिन असलेला काढा चोपडायचा, मग लोखंडाचा क्षार. दोन्ही एकत्र आले की लाकूड आतूनच काळं पडतं. हिरडा आणि हिराकस घालून शाई करण्याची आपली जुनी रीतही रसायन म्हणून हीच.

फळझाडांवर झालेला हा अन्यायच. अंगच्या गुणांमुळे ती निवडली गेली, पण मिरवली मात्र दुसऱ्याच्या नावाने.

पूर्वेकडे हे सोंग घ्यावं लागलं नाही. इराण आणि तुर्कमेनिस्तानातल्या दोतार या तंतुवाद्याचं खोड सुकलेल्या तुतीचं, तर दांडी जर्दाळूची, इराणात अक्रोडाचीही. तिथे दांडी हाच फ्रेटबोर्ड. पडदे तिच्याभोवती बांधलेले असतात आणि वादकाची बोटं थेट फळझाडाच्या लाकडावर फिरतात. दोतार घडवण्याची इराणी कला २०१९ मध्ये आणि तुर्कमेनी कला २०२१ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आली. २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली तंजावर वीणा तर फणसाची. तिचे २४ पितळी पडदे मेण आणि कोळशाच्या मिश्रणात बसवतात. कोकणातल्या जुन्या घरांची दारं ज्या पिवळ्याधमक लाकडाची असतात, तेच हे लाकूड.

पश्चिमेची सवय मोडली ती कायद्याच्या धाकाने. ब्राझिलियन शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ मध्ये जवळपास बंद झाला. २००९ मध्ये मादागास्करच्या आबनूसावरून अमेरिकेत गिब्सन या गिटार-कंपनीवर छापा पडला, आणि २४ ऑगस्ट २०११ रोजी दुसरा. या वेळी मुद्दा भारतीय शिसव आणि आबनूसाच्या फ्रेटबोर्ड-पट्ट्यांचा होता. ६ मिलिमीटरहून जाड कापीव लाकूड भारतातून निर्यात करायला बंदी होती, आणि फ्रेटबोर्डची कच्ची पट्टी त्याहून जाडच असते. २०१२ मध्ये कंपनीने ३ लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं. २ जानेवारी २०१७ पासून, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय करारानुसार, शिसवीच्या सगळ्याच जातींना परवाने लागू लागले. सह्याद्रीत वाढणारी आपली शिसवही त्यात आली. एकेक गिटार परदेशी पाठवणाऱ्या लहान कारागिराला ही कागदपत्रं जड गेली.

मग बागेकडे लक्ष गेलं. बेल्जियममधल्या पूर्स इथल्या वाद्यनिर्मिती शाळेच्या पुढाकाराने २०११ मध्ये ‘लिओनार्दो’ प्रकल्प सुरू झाला होता. उष्णकटिबंधातलं लाकूड न वापरता बांधलेल्या गिटारी तिथे पारंपरिक गिटारींशेजारी ठेवून ऐकवल्या गेल्या. वाद्य दिसत नव्हतं तेव्हा ऐकणाऱ्यांना फरक सांगता आला नाही. दिसू लागताच पसंती जुन्या लाकडाकडे झुकली. काळ्या पट्टीचा मोठेपणा पुष्कळसा डोळ्यांनीच ठरवलेला होता.

फ्रेटबोर्डला खरी गरज असते ती झिजेला टिकण्याची. सफरचंदाचं वाळलेलं लाकूड घनमीटरला सुमारे ८३० किलो भरतं, म्हणजे भारतीय शिसवीइतकंच. कठीणपणात मात्र ते शिसवीच्या सात दशांशच्या आसपास. नासपती याहून हलकी. पडद्यांसाठी अरुंद खाचा करवतताना या लाकडांच्या कडा सहसा उडत नाहीत आणि पडद्याची काटेरी पात घट्ट बसते. फिक्या पट्टीवर घामाचे, मळाचे डाग दिसतात, हे खरं. पण ते दिसले म्हणून वाद्य बिघडत नाही.

२६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना शिसवीच्या परवान्यांतून सूट मिळाली; ब्राझिलियन शिसव तेवढी वगळून. घाई ओसरली, तरी अनेक कारागिरांनी फळझाडं सोडली नाहीत. अडचण उरते ती लाकूड मिळवण्याची. फ्रेटबोर्डला अर्ध्या मीटरची सरळ, गाठ नसलेली पट्टी लागते, आणि बागेतलं झाड बुटकं, छाटून वाकडं झालेलं. सफरचंद वाळताना पिळवटतं, आलुबुखार तडकतं. वाफवलेली नासपती युरोपातल्या लाकडाच्या वखारीत मिळते. बाकी दोन्हींसाठी कारागिराची एखाद्या बागवानाशी ओळख लागते, आणि ओंडका चिरून काही वर्षं थांबायची तयारी.