‘नंतर’ म्हणण्याआधी

मोबाइलवर अपडेटची सूचना झळकली की बहुतेकांचे बोट आपसूक ‘नंतर’वर जाते. हा केवळ आळस नाही, त्यामागे अविश्वासही आहे. पण टाळाटाळीची किंमत रायगड जिल्ह्याने पाहिली आहे. जून २०१७मध्ये ‘नॉटपेट्या’ व्हायरसच्या जागतिक हल्ल्यात न्हावा-शेवा बंदरातील एका कंटेनर टर्मिनलची संगणकव्यवस्था कोलमडली आणि मालवाहतूक खोळंबली. हा व्हायरस ज्या वाटांनी जगभर पसरला, त्यांपैकी विंडोजमधली एक फट बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते.

मग प्रत्येक सूचना निमूट मानावी का? तसेही नाही. हाच व्हायरस युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला होता. बॅटरी जुनी झालेले आयफोन अपडेटद्वारे संथ केल्याची कबुली ॲपलने डिसेंबर २०१७मध्ये दिली. पुढल्या वर्षी इटलीने ॲपल आणि सॅमसंग दोघांनाही अपडेटवरून दंड ठोठावला. म्हणजे ग्राहकाची शंका निराधार नाही. खरा दोष सरमिसळीचा आहे: सुरक्षेची दुरुस्ती आणि नव्या रूपाची हौस एकाच सुरात मागे लागतात. दोन्ही वेगळे करणे अवघड आहे, हा बचाव टिकत नाही. अँड्रॉइडसाठी गूगलने २०१५मध्येच दरमहा सुरक्षा-दुरुस्त्या काढायला सुरुवात केली होती. कंपन्यांनी सूचनेतच हा फरक ठळक सांगावा. तोवर आपण एवढे करावे: सुरक्षेचे अपडेट लगेच, नव्या आवृत्तीचे थोडे थांबून.