एक गाणं, दोन गळे: मग ते गाणं कुणाचं?



आजचा विषय कळल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोन केला. म्हणाला, "सर, तत्त्वज्ञान सोडून गाण्यांकडे कधी वळलात?" आम्ही म्हटलं, वळलो नाही बाबा, तिथेच आहोत. एखादं गाणं एका गायकाचं गाजतं. काही वर्षांनी तेच गाणं दुसरा कुणी गातो आणि त्याचंही गाजतं. दोन्ही ऐकून आपण सहज म्हणून जातो, "अरे, हे तर तेच गाणं!" या 'तेच' शब्दात तत्त्वज्ञानातला एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. आवाज वेगळा, काळ वेगळा, कधी कधी चालही वेगळी. मग 'तेच' काय राहिलं?

हा प्रश्न थळमध्ये बसून विचारायला आम्हाला विशेष आनंद होतो. किनाऱ्यावर गेलात की समोर खांदेरी-उंदेरी दिसतात. अलीकडे होड्या ओढून ठेवलेल्या असतात. होडीची एक फळी कुजली की बदलतात. दुसऱ्या वर्षी दुसरी. मग इंजिन बदलतात. पंधरा-वीस वर्षांत मूळचं लाकूड फारसं उरत नाही, पण नाव तेच, नंबर तोच, आणि नाखवा सांगतो, "ही आमच्या वडिलांची होडी." ग्रीकांनी हाच प्रश्न थिसियस नावाच्या वीराच्या जहाजाबद्दल विचारला होता. आपल्याकडे 'मिलिंदप्रश्ना'त भिक्षू नागसेन मिलिंद राजाला रथाबद्दल विचारतो: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? नाही ना? मग रथ कुठे आहे?

गाण्याला हे उदाहरण लावून बघू. पण थोडं जपून. होडी एका वेळी एकाच ठिकाणी असते. गाणं तसं नाही. आत्ता या क्षणी एकच अभंग पंढरपुरात, पुण्यात आणि अमेरिकेतल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळात चालू असू शकतो. म्हणजे गाणं ही होडीसारखी वस्तू नव्हे. न्यायदर्शनाच्या भाषेत बोलायचं तर गाणं 'जाती'सारखं आहे आणि प्रत्येक गायन ही तिची एक 'व्यक्ती'. गोत्व एक, गाई अनेक. तसं गाणं एक, गायनं अनेक.

याहून बारीक विचार भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त केला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शब्दाचं खरं रूप, म्हणजे स्फोट, एक आणि अखंड असतं. ते प्रकट करणारा ध्वनी मात्र बदलता असतो. कुणी तोच शब्द भरभर उच्चारतो, कुणी सावकाश. द्रुत, मध्यम, विलंबित हा फरक ध्वनीचा, शब्दाचा नव्हे. आपल्या विषयाला हे किती चपखल बसतं बघा! दोन गायकांत फरक आहे तो ध्वनीचा, गाणं एकच.

प्रश्न सुटला? आम्हालाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. मग आमच्या वर्गात एका मुलीने हात वर केला आणि 'कट्यार काळजात घुसली'चं नाव घेतलं. आमची पंचाईत झाली.

आपल्यापैकी पुष्कळांना हे नाटक माहीत आहे. १९६७ साली रंगभूमीवर आलं. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. त्यात 'घेई छंद मकरंद' हे पद आहे. हे पद नाटकात दोन प्रकारे येतं. पंडितजींच्या घराण्याच्या गायकीत ते सालगवराळी रागात संथपणे उलगडतं. खाँसाहेबांच्या गळ्यातून तेच शब्द धानी रागात, वेगळ्या लयीत, अगदी वेगळा डौल घेऊन येतात. शब्द एक, राग दोन, घराणी दोन. आणि दोन्ही गाजली. एकाच नाटकात, एकाच संगीतकाराकडून!

आता भर्तृहरीला काय उत्तर द्यायचं? इथे फरक नुसत्या वेगाचा नाही, स्वरांच्या चौकटीचाच आहे. शब्द हाच गाण्याचा आत्मा म्हणावं, तर चालीवरून गाणं ओळखणारे आपण खोटे ठरतो. चाल हा आत्मा म्हणावं, तर या पदाची दोन वेगळी गाणी करावी लागतात. तसं करायला मन घेत नाही, कारण नाटकाची सगळी गंमतच 'तेच पद, पण दुसऱ्याचं' या ताणावर उभी आहे. विद्येवर घराण्याची मालकी असू शकते का, हा त्या नाटकाचा प्रश्न आहे.

पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. २०१५ साली सुबोध भावे यांनी यावर चित्रपट केला. त्यात खाँसाहेबांसाठी राहुल देशपांडे गायले, म्हणजे वसंतरावांचे नातू. 'अरुणि किरणी' या गाण्यासाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते अभिषेकीबुवांचे शिष्य. ज्या तरुणांनी नाटक पाहिलेलं नव्हतं, त्यांना ही पदं नव्या गळ्यांतून भेटली. आमच्या वयाचे काही लोक म्हणाले, "वसंतरावांची सर नाही." असेल. पण वसंतरावांची सर नाही हे म्हणण्यासाठीसुद्धा वसंतराव आठवावे लागतात. नव्या गायनाने जुन्याला पुसलं नाही, पुन्हा समोर आणलं.

यावरून आम्ही पुढची पायरी सुचवतो. गाण्याचं 'तेच'पण एखाद्या घटकात शोधू नये. ते वंशात शोधावं. नातू आजोबांसारखा दिसेल किंवा दिसणार नाही, तरी तो त्यांचा नातू असतो, कारण तो त्यांच्यापासून आलेला असतो. तसंच प्रत्येक गायन आधीच्या गायनापासून येतं. ही साखळी तुटली नाही तोवर गाणं तेच.

गीतरामायण याचं सर्वांत सुंदर उदाहरण. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं आणि दर आठवड्याला एक नवं गीत, असं वर्षभर चाललं. गीतं छप्पन्न. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. पण त्या मूळ मालिकेत गायक पुष्कळ होते: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके, राम फाटक. पुढे बाबूजींनी जाहीर कार्यक्रमांत सगळी गीतं स्वतः गायली आणि गावोगाव नेली. आज गीतरामायण म्हटलं की बहुतेकांच्या कानात बाबूजींचाच आवाज येतो. म्हणजे तीच गीतं दोनदा गाजली. पहिल्यांदा रेडिओवर अनेक गळ्यांतून, दुसऱ्यांदा एका गळ्यातून. आणि मुळात रामकथाच तशी आहे, बरं का! रचली वाल्मीकींनी, गायली कुश-लवांनी, तीही प्रत्यक्ष रामापुढे.

दुसरं उदाहरण कुमार गंधर्वांचं. बालगंधर्वांची पदं त्यांनी गायली आणि त्या कार्यक्रमाला नाव दिलं 'मला उमजलेले बालगंधर्व'. 'उमजलेले' हा शब्द पाहा. 'मी बालगंधर्वांसारखं गातो' असा दावा नाही, 'त्यांच्याहून चांगलं गातो' असाही नाही. आधीच्याचं नाव पुढे आणि आपली समज उघड. नक्कल आणि पुनर्निर्मिती यांतला फरक आम्ही विद्यार्थ्यांना तासभर सांगायचो. कुमारांनी तो तीन शब्दांत सांगितला.

दुसरा गायक गाण्याचा अर्थ कसा बदलतो, यासाठी थोडं बाहेर बघू. अमेरिकेत ओटिस रेडिंगने १९६५ साली 'रिस्पेक्ट' हे गाणं केलं. घरी आलेला पुरुष बायकोकडे मान मागतो, असा त्याचा सूर. दोन वर्षांनी तेच गाणं अरीथा फ्रँकलिनने गायलं. आता मान मागणारी बाई होती. शब्द थोडे बदलले, भर पडली. पण मुख्य म्हणजे बोलणारी व्यक्ती बदलली, आणि गाणं स्त्रियांच्या, कृष्णवर्णीयांच्या स्वाभिमानाचं झालं. गाणं तेच, पण त्याच्या तोंडून आता दुसरं जग बोलत होतं.

इथवर सगळं गोड आहे. पण वंश म्हटला की वारसा आला, आणि वारसा आला की वाटणी आली.

'हाउंड डॉग' हे गाणं आधी बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेचं गाजलं, १९५३ साली. तीन वर्षांनी एल्व्हिस प्रेस्लीने ते गायलं आणि जगभर त्याचं झालं. आपल्याला यातून फारच थोडे पैसे मिळाले, असं ती सांगत असे. याउलट डॉली पार्टनची गोष्ट. 'आय विल ऑलवेज लव्ह यू' तिने स्वतः लिहिलं, १९७४ साली ते गाजलं. एल्व्हिसला ते गायचं होतं, पण त्याच्या व्यवस्थापकाने प्रकाशनाचे निम्मे हक्क मागितले. तिने नकार दिला. १९९२ साली व्हिटनी ह्यूस्टनने ते गायलं आणि अमेरिकेच्या यादीत ते चौदा आठवडे पहिलं राहिलं. हक्क डॉलीकडेच होते. दोन गायिका, दोघींचीही गाणी दुसऱ्याच्या गळ्यातून मोठी झाली. फरक पडला तो कागदाने.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात टी-सिरीजने जुनी हिंदी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली आणि स्वस्त कॅसेटवर घरोघर पोचवली. तेव्हाच्या कायद्यात त्याला वाट होती. २०१२ च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायद्यात यासाठी वेगळं कलम आलं. पहिलं ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं, आगाऊ मानधन द्यायचं, रचनेत तांत्रिक गरजेपलीकडे बदल करायचा नाही, आणि हे नवं गायन आहे असं स्पष्ट छापायचं. मूळ गायकाचं नाव किंवा फोटो वापरून गिऱ्हाइकाची दिशाभूल करायची नाही. आमच्या मते या शेवटच्या अटींत कायद्याने तत्त्वज्ञानाचं काम केलं आहे. साखळी लपवू नका, एवढंच तो सांगतो.

पण ज्या गाण्याला कागदच नाही, त्याचं काय? आता आपण थळला परत येऊ.

'मी डोलकर' हे गाणं इथल्या लहान मुलालाही येतं. लताबाई आणि हेमंतकुमार यांनी गायलेलं. वरातीत, शाळेच्या गॅदरिंगला, बँडवर ते वाजतं, आणि पुष्कळजण सांगतात की हे पारंपरिक कोळीगीत आहे. ते शांता शेळके यांनी लिहिलं आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केलं. एका कवयित्रीने डोलीची जाळी टाकणाऱ्यांची बोली इतकी आपलीशी केली की तिचं नाव गळून पडलं. हा मोठाच गौरव आहे, पण त्यात एक अन्यायही आहे. आणि याच्या उलटही घडतं. खरोखर इथल्या बायकांच्या तोंडची चाल कुणीतरी उचलतो, तिला ठेका लावतो, आणि कॅसेटवर छापलं जातं, 'पारंपरिक'. एकीकडे कवयित्रीचं नाव 'पारंपरिक' या शब्दाने झाकतं, दुसरीकडे गावाचं.

परवा संध्याकाळी आम्ही इथल्या एका वयस्कर धवलारीण बाईंशी बोलत बसलो होतो. आगरी-कोळी लग्नांत धवले गाणारी ती धवलारीण, हे इथे सांगायला नको. त्यांनी एक धवला म्हणून दाखवला. आम्ही सवयीने विचारलं, "हा तुमचा का?" त्या हसल्या. "माजा कसला?" म्हणाल्या. मावससासूकडून आलेला, तिला तिच्या आईकडून. मग आपणहून सांगितलं की मावससासूच्या वेळी मांडवाला पानं असायची, आता कापड असतं, म्हणून तेवढा शब्द मी बदलला.

आम्ही चाळीस वर्षं वर्गात जे शिकवायचा प्रयत्न केला, ते त्या बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. गाणं माझं नाही, हे पहिलं. कुणाकडून आलं हे मला माहीत आहे आणि मी काय बदललं हेही माहीत आहे, हे दुसरं. इतकं ज्याला सांगता येतं त्याने खुशाल गावं. शंभरांनी गावं, शंभरांचं गाजावं. गाण्याचं त्याने काही कमी होत नाही. कमी होतं ते आधीच्याचं नाव गाळल्यावर.

म्हणून शेवटी एक छोटं काम सांगतो. घरी गेल्यावर आपल्या आवडीचं एखादं गाणं घ्या आणि त्याच्या आधी कोण गायलं, कुणी लिहिलं, कुणी चाल दिली, एवढं शोधून काढा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस ओवी, धवला, अंगाई म्हणत असेल, तर तिला विचारा, ही कुणाची? ते लिहून ठेवा, नावासकट. पुढच्या महिन्यात भेटू तेव्हा आम्ही विचारणार आहोत.