परिचारिकेचा अधिकार

परिचारिका म्हटले की ताप पाहणारी, सुई टोचणारी, डॉक्टरांच्या मागोमाग खाटेखाटेपाशी फिरणारी शुभ्रवस्त्रधारी स्त्री डोळ्यांसमोर उभी राहते. निदान डॉक्टरांनी करावे आणि परिचारिकेने आज्ञा पाळावी, ही वाटणी आपण जणू निसर्गनियम मानली आहे. तो नियम नव्हे, हे अमेरिकेत साठ वर्षांपूर्वीच दिसून आले.

१९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी एक अभ्यासक्रम सुरू केला. अनुभवी परिचारिकेला तपासणीचे शास्त्रशुद्ध शिक्षण दिले, तर मुलांच्या वाढीवर लक्ष ठेवणे, किरकोळ दुखण्यांवर उपचार करणे आणि गंभीर आजार वेळीच ओळखून डॉक्टरांकडे पाठविणे तिला साधेल, अशी त्यांची धारणा होती. त्यातून 'नर्स प्रॅक्टिशनर' हा व्यवसाय जन्मास आला. १०४ वर्षांचे आयुष्य लाभलेल्या फोर्डबाई २०२५ साली निवर्तल्या, तेव्हा हा व्यवसाय अमेरिकेत सर्वदूर रुजला होता.

तेथे प्रगत परिचारिकांचे चार वर्ग आहेत: रोगी तपासून उपचार करणारी नर्स प्रॅक्टिशनर, बाळंतपण करणारी परिचारिका-सुईण, शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणारी परिचारिका आणि एखाद्या शाखेतील शुश्रूषेची तज्ज्ञ. या सर्वांना नेहमीच्या परिचर्या-शिक्षणापुढील उच्च शिक्षण घ्यावे लागते. अर्ध्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतःच्या जबाबदारीवर औषध लिहून देते. हा अधिकार सुखासुखी मिळालेला नाही. डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध सोसून, एकेका राज्यात कायदा बदलून घेत तो मिळवावा लागला.

आपल्याकडे ही गरज बाळंतपणात ठळकपणे दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात दर शंभर प्रसूतींपैकी सुमारे २२ सिझेरियन शस्त्रक्रियेने झाल्या. तेलंगणात हेच प्रमाण सुमारे ६१ होते! जिथे शस्त्रक्रिया हवी तिथे ती प्राण वाचवते. परंतु नैसर्गिक प्रसूतीला जो धीर, जो वेळ आणि जी सोबत लागते, ती देणारे शिक्षित माणूस जवळ असावे लागते. म्हणूनच त्या राज्याने २०१७ मध्ये परिचारिकांना सुईणशास्त्राचे विशेष शिक्षण देण्यास प्रारंभ केला. २०१८ मध्ये केंद्र सरकारनेही देशभरासाठी दीड वर्षाच्या अशाच शिक्षणाची योजना जाहीर केली. २०२३ साली संसदेने परिचर्या व सुईणसेवा यांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला.

तथापि केवळ शिक्षणाने काम भागत नाही. शिकलेल्या परिचारिकेस त्या शिक्षणाला साजेसे पद, वेतन आणि निर्णयाची मोकळीक मिळाली नाही, तर ती पुन्हा आज्ञाधारकच राहणार. हे देणे सरकारचे आहे, तसे काही आपलेही आहे. सुशिक्षित परिचारिका आपल्या लेकीसुनेला तपासू लागली असता, "डॉक्टर कधी येणार?" हा आपला पहिला प्रश्न असू नये. तिने काय पाहिले आणि तिचे मत काय, हे आधी विचारावे. डॉक्टरांची गरज असेल, तेव्हा ती स्वतःच सांगेल. किंबहुना ते ओळखण्याचेच शिक्षण तिने घेतलेले असते.