बियाण्याचे खडेमीठ चुलीजवळ नको!

रोहिणी नक्षत्र जवळ आले की शहापूर-मुरबाडच्या गावांत आणि पाड्यांवर भाताच्या बीजप्रक्रियेची लगबग सुरू होते. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचे, त्यात बी टाकायचे, वर तरंगणारे पोचट दाणे काढायचे आणि तळाचे वजनदार बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. कृषी खात्याची माणसे हे दरवर्षी सांगतात, आणि शेतकरी करतातही.

यासाठी बाजारातून स्वस्त खडेमीठ येते. थोडे बियाण्याला जाते, थोडे गुरांना. उरलेले जाते कुठे? तर पुष्कळ घरांत चुलीजवळच्या बरणीत. आजचे सांगणे त्याबद्दलच आहे.

आपल्या गळ्यात थायरॉईड नावाची लहानशी ग्रंथी असते. तिच्यातून निघणारा रस, म्हणजे हार्मोन, सगळ्या शरीराचा वेग ठरवतो. हा रस तयार व्हायला आयोडीन लागते. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरते, गरोदर बाईला मात्र सुमारे २५० लागते. म्हणजे चिमटीतही न मावणारी मात्रा! पण डोंगरउताराच्या, धो-धो पावसाच्या मुलखात मातीतले आयोडीन वाहून जाते. मातीत नाही तर पिकात नाही, पिकात नाही तर ताटात नाही. मीठ समुद्राचे असले तरी मिठागरातल्या साध्या मिठात आयोडीन नाममात्रच उरते. म्हणून ते वरून मिसळावे लागते.

बाईवर काय परिणाम होतो?

हा रस कमी पडला तर थकवा येतो, थंडी जास्त वाजते, अंग सुजल्यासारखे होते, केस गळतात. काही जणींच्या गळ्याला गाठ येते, तिला गलगंड म्हणतात. पाळीत अंगावरून जास्त जाते किंवा पाळी पुढे-मागे होते. दिवस राहत नाहीत, राहिले तर गर्भ पडण्याचा धोका वाढतो. पोटातल्या बाळाला रस कमी पडला तर मेंदूची वाढ खुंटते. हे नुकसान पुढे भरून येत नाही.

गाय वेळेवर माजावर आली नाही तर आपण जनावरांचा डॉक्टर बोलावतो, क्षारमिश्रण आणतो. गायीला कुणी नावे ठेवत नाही. घरच्या सुनेला मूल झाले नाही की मात्र बोल तिलाच! आधी भगत, मग नवस, मग दुसऱ्या लग्नाची भाषा. रक्ताची एक तपासणी मात्र राहून जाते. दोष नवऱ्याकडेही असू शकतो, त्यामुळे तपासणी दोघांची व्हावी.

बायका दुखणे अंगावर काढतात, हे नवे नाही. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. ती १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, पण त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. ते आजार निरनिराळे होते, पण न सांगण्याची सवय सारखीच. आपल्याकडे वेगळे काय आहे?

काय करावे?

• खाण्यासाठी हसऱ्या सूर्याचे चित्र असलेले पाकीटबंद आयोडीनयुक्त मीठच घ्यावे. आयोडीन नसलेले मीठ माणसांच्या खाण्यासाठी विकायला १७ मे २००६ पासून देशभर बंदी आहे. बियाण्याचे व गुरांचे मीठ वेगळ्या डब्यात ठेवावे.

• मीठ झाकणाच्या डब्यात, चुलीच्या धगीपासून व ओलीपासून लांब ठेवावे. कालवणात शेवटी टाकावे.

• आयोडीन मिळावे म्हणून मीठ जास्त खाऊ नये, रक्तदाब वाढतो.

• वरची लक्षणे दिसली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. टीएसएच ही रक्ताची तपासणी कुठे होईल, ते तिथे विचारावे. नुसते मीठ बदलून प्रत्येक थायरॉईड बरा होत नाही, त्याला इतरही कारणे असतात.

• डॉक्टरांनी गोळी दिली तर ती सकाळी उपाशीपोटी घ्यावी. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी त्यानंतर चार तासांनी. दिवस राहिले म्हणून गोळी बंद करू नये, उलट लगेच डॉक्टरांना सांगावे. तेव्हा मात्रा बहुधा वाढवावी लागते.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. गावच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत मिठाचा विषय घ्या. गावातल्या दुकानात, अंगणवाडीत, शाळेच्या खिचडीत कोणते मीठ आहे ते पाहा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. पाड्यावरच्या बायांना तिथे पोचवायची सोय करा. आशाताई एकटी किती दारे हिंडणार?

चांगले बी निवडायला आपण मीठ वापरतो. घरची लक्ष्मी आणि पोटातले बाळ यांच्यासाठीही मीठ तेवढ्याच काळजीने निवडूया.