समाजकार्याचे शिक्षण

'खिदमत' हा शब्द तुम्ही घरी ऐकता. मराठीत त्याला सेवा म्हणतात. शेजारी आजारी पडला तर आपण धावून जातो; त्यासाठी शाळेत जावे लागत नाही. मग सेवेचे शिक्षण कशाला?

आपल्या शहापूर तालुक्याचेच उदाहरण घ्या. येथील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. या भागातील कातकरी पाड्यांवरची अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. मुलेही बरोबर जातात आणि वर्गातील जागा रिकाम्या होतात. एखादा दयाळू माणूस या मुलांना वह्या वाटेल. पण वह्या नाहीत म्हणून त्यांनी शाळा सोडलेली नसते! पावसाळ्यात घरात धान्य नसते, तेव्हा आईबापांनी भट्टीमालकाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला सारे घर जाते. हे कारण विचारल्याशिवाय कळत नाही. कसे विचारावे, कसे ऐकून घ्यावे, नोंद कशी ठेवावी, हे शिकावे लागते. कायदाही माहीत हवा. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. परंतु तो झोपडीपर्यंत कोणीतरी न्यावा लागतो. विधायक संसद या संस्थेने तर भट्टीवरच शाळा भरवल्या. मजुरांच्या झोपडीला 'भोंगा' म्हणतात, म्हणून त्या भोंगाशाळा.

भारतात समाजकार्य शिकवणारी पहिली संस्था मुंबईच्या नागपाड्यात निघाली. तेथे क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी वस्तीसाठी सेवाकेंद्र चालवत. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने ही शाळा सुरू झाली आणि मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. आज ती देवनारला आहे. टाटा समाजविज्ञान संस्था हे तिचे नाव. विद्यार्थी वर्गात शिकतात, तसेच वस्तीत, रुग्णालयात, खेड्यात जाऊन कामही करतात. मला विचाराल तर तेच खरे शिक्षण.

आफ्रिकेतही असेच घडले. जोहान्सबर्ग येथे १९४१ साली कृष्णवर्णीयांसाठी यान हॉफमेयर समाजकार्य शाळा निघाली. विनी मंडेला तेथेच शिकल्या आणि पुढे बारागवनाथ रुग्णालयात समाजसेविका झाल्या. मात्र आफ्रिकेतील शिक्षकांना एक अडचण जाणवू लागली. पुस्तके इंग्लंड-अमेरिकेची, उदाहरणे तिकडच्या शहरांची. म्हणून १९७१ मध्ये त्यांनी आपली संघटना स्थापन केली आणि आपल्या खेड्यांतील अनुभवांवर पाठ लिहावेत, असा आग्रह धरला. ही अडचण आपल्यालाही नवी नाही. परदेशी पुस्तकात 'उचल' आणि 'भोंगा' कोठून सापडणार?